सीमाभागात राहताना पडणारे कायद्याचे प्रश्न : बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडून सारखे येणारे

हे पान तुम्ही पाठवलेल्या प्रश्नांवरूनच तयार केलंय. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून काही ठिकाणी "प्रश्न अमुक बघा" असं लिहिलंय, तेवढं वर-खाली करून वाचा. आमचं म्हणणं एवढंच की सीमाप्रश्नाचा निकाल कधीही लागो, आज जे हक्क कागदावर आहेत ते आजच वापरायचे असतात, आणि आपल्याकडे बहुतेक माणसं केस कच्ची होती म्हणून हरत नाहीत, मुदत गेली किंवा अर्जाची पोच घेतली नाही म्हणून हरतात.

१. सीमाप्रश्नाची केस सुप्रीम कोर्टात आहे म्हणतात, ती नक्की काय आहे आणि कुठं अडकलीय?

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना कायदा लागू झाला आणि मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा (चंदगड सोडून) म्हैसूर राज्यात गेला. महाराष्ट्राने हरकत घेतली, केंद्राने १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला. त्यात निपाणी, खानापूर, नंदगड धरून २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ गावं कर्नाटकला द्यावीत, बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच ठेवावं, असं होतं. महाराष्ट्राने तो अहवाल फेटाळला, कर्नाटक आजही तोच अंतिम म्हणतं.

मग २००४ मध्ये महाराष्ट्राने राज्यघटनेच्या कलम १३१ खाली थेट सुप्रीम कोर्टात दावा टाकला, मागणी ८६५ गावांची. राज्य विरुद्ध राज्य असा दावा खालच्या कोर्टात चालतच नाही. २०१४ मध्ये कोर्टाने साक्षीपुरावे नोंदवायला निवृत्त न्यायमूर्ती मनमोहन सरीन यांना नेमलं. पण कर्नाटकचा मूळ मुद्दा असा की सीमा ठरवणं हे कलम ३ प्रमाणे संसदेचं काम आहे, कोर्टाला तो अधिकारच नाही, म्हणजे दावा चालू शकतो का हाच वाद. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही बाजूला वातावरण तापलं तेव्हा केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बसवलं आणि कोर्टाचा निकाल येईपर्यंत कुणी नवा दावा सांगायचा नाही, दोन्हीकडच्या तीन-तीन मंत्र्यांची समिती करायची, असं ठरलं.

२. उद्या निकाल आपल्या बाजूने लागला तर आत्ताचे जमिनीचे कागद, खरेदीखत रद्द होतील का?

नाही. मालकी राज्य बदललं म्हणून बदलत नाही. १९५६ ला सुद्धा असंच झालं होतं, त्या कायद्याच्या कलम ११९ मध्येच लिहिलं होतं की भाग दुसऱ्या राज्यात गेला तरी तिथं चालू असलेले कायदे बदल होईपर्यंत तसेच चालतील, आणि त्यामुळे मुंबई प्रांताचे कितीतरी कायदे आपल्याकडे पुढं बरीच वर्षं लागू होते. म्हणून "निकाल लागू दे मग बघू" म्हणत वारसा नोंद, खातेफोड किंवा मोजणी थांबवून ठेवू नका. ज्यांनी ठेवलीय त्यांचं काय होतंय ते प्रश्न ११ मध्ये आहे.

३. आम्ही मराठीत अर्ज दिला तर पंचायतीत "कन्नडमध्ये आणा" म्हणून परत पाठवूलेत. घ्यायला पाहिजे की नको?

घ्यायला पाहिजे. राज्यघटनेचं कलम ३५० सांगतं की कुठल्याही तक्रारीच्या निवारणासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे, देशात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत निवेदन देता येतं. मराठी त्यात येते, वाद घालायला जागाच नाही.

पण एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. कलम ३५० तक्रारीच्या निवेदनाला आहे. ठरावीक नमुन्यातले फॉर्म (जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, खाता बदल) वेगळे, ते आता बहुतेक कॉम्प्युटरवरच भरले जातात, तिथं नाडकचेरीत (होबळी पातळीवरची महसूल कचेरी) ऑपरेटरच कन्नडमध्ये टाइप करतो. तिथं भाषेवर भांडत बसण्यापेक्षा आपलं नाव, आडनाव, वडिलांचं नाव कन्नडमध्ये बरोबर पडलंय का ते सही करायच्या आधी वाचून घ्या, वाचता येत नसेल तर घरातल्या शाळेला जाणाऱ्या पोराला बरोबर न्या, कारण नावातल्या एका अक्षराच्या चुकीसाठी पुढं ॲफिडेव्हिट, पेपरमध्ये जाहिरात असले धंदे करावे लागतात.

तक्रार अर्ज घेतच नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा. आणि ज्या सेवा कर्नाटकच्या सकाल कायद्यात (सरकारी कामं ठरलेल्या दिवसांत करून द्यायचा कायदा) आहेत त्यांच्या अर्जाला जीएससी नंबर (अर्जाचा पोच क्रमांक) मिळतो, तो मागूनच घ्या. ठरलेल्या दिवसांत काम झालं नाही तर वर अपील करता येतं आणि दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई आहे. रक्कम बारकी आहे खरी, पण ती त्या कर्मचाऱ्याच्या पगारातून जाते म्हणून नंबर दाखवल्यावर फाइल हलते.

४. मग उत्तर, नोटीस, परिपत्रकं पण मराठीत द्यायला ते बांधील आहेत का?

इथं आमचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. कलम ३५० मध्ये उत्तर कुठल्या भाषेत द्यायचं ते लिहिलेलं नाही. परिपत्रकांची मागणी उभी आहे ती १९५६ चं केंद्राचं मेमोरँडम आणि १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेतल्या ठरावांवर: जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना, नियम त्यांच्या भाषेत द्यावेत, आणि जिल्ह्यात ६० टक्के लोक वेगळी भाषा बोलत असतील तर ती जादा राजभाषा करावी. हे राज्यांनी मान्य केलेले संरक्षणाचे उपाय आहेत, पण कोर्टात जाऊन थेट वसूल करता येईल असा तो कायदा नाही. राज्याची राजभाषा १९६३ च्या कायद्याने कन्नड, आणि महापालिका-पंचायतींसाठी १९८१ चा वेगळा कायदा आहे.

दाद मागायची जागा म्हणजे कलम ३५०-ब खालचे भाषिक अल्पसंख्याक आयुक्त. ते राष्ट्रपतींना अहवाल देतात. ते हुकूम काढू शकत नाहीत, पण राज्याला लेखी जाब विचारतात आणि त्याची नोंद राहते. तक्रार करताना मोघम लिहू नका. कुठली नोटीस, कुठल्या तारखेची, कुठल्या वॉर्डातली, त्याची झेरॉक्स जोडा. नगरसेवकांना अजेंडा फक्त कन्नडमध्ये मिळतो ही तक्रार पण तिथं जाऊ शकते.

५. आरटीआय मराठीत टाकता येतो का?

प्रश्न ३ चा नियम इथं लावू नका. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(१) मध्ये इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असं स्पष्ट आहे, म्हणजे आपल्याकडे कन्नड. मराठीतला अर्ज नाकारला तर वरपर्यंत जाऊन उपयोग नाही. हिंदीत टाका, देवनागरीच आहे. फी १० रुपये. कर्नाटकच्या नियमात अजून दोन अटी आहेत ज्या बऱ्याच जणांना माहीत नसतात: एका अर्जात एकच विषय, आणि साधारण १५० शब्दांत. लांबलचक पत्र लिहिणारे इथंच अडकतात. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं. लिहिताच येत नसेल तर तोंडी सांगून लिहून घेणं ही माहिती अधिकाऱ्याची जबाबदारी आहे.

६. दुकानाच्या पाटीवर मराठी ठेवली तर काढायला लावू शकतात का?

मराठी असणं हा गुन्हा नाही. कायदा सांगतो की पाटीवर ६० टक्के कन्नड पाहिजे आणि कन्नड वरच्या भागात पाहिजे (कन्नड भाषा सर्वंकष विकास कायदा, त्यात २०२४ मध्ये ही दुरुस्ती झाली). उरलेल्या जागेत मराठी, इंग्रजी काहीही लिहा. म्हणून कुणी येऊन "मराठी पुसा" म्हणाला तर तो अधिकारी आहे का आणि लेखी नोटीस आहे का ते विचारा, रस्त्यावरच्या कुठल्याही संघटनेला पाटी फोडायचा किंवा काळं फासायचा अधिकार नाही, तसं झालं तर फोटो, सीसीटीव्ही घेऊन पोलिसात तक्रार द्या.

बरेच जण एप्रिल २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा पातूरचा निकाल पाठवतात. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीबरोबर उर्दू होती, ती कोर्टाने चालू ठेवली. निकाल वाचण्यासारखाच आहे, लोकांना समजेल ती भाषा जादा म्हणून वापरायला बंदी नाही असं त्यात म्हटलंय. पण तो महाराष्ट्राच्या कायद्यावर दिलाय, कर्नाटकचा कायदा वेगळा, म्हणून तो जसाच्या तसा बेळगाव महापालिकेला लागू होतो असं समजू नका. युक्तिवादाला आधार म्हणून वकील वापरू शकतात.

७. पोराला मराठी शाळेत घातलं तर पुढं अडचण येईल का? कन्नड सक्तीचं आहे ना?

माध्यम कुठलं हे पालक ठरवतात, सरकार प्राथमिकला माध्यम लादू शकत नाही हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०१४ मध्ये कर्नाटकच्याच प्रकरणात सांगितलंय. कन्नड हा विषय मात्र २०१५ च्या कायद्याने पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकावा लागतो. मराठी पहिली, कन्नड दुसरी असं चालतं. आणि पोरं कन्नड नीट शिकली तर इथल्या नोकरीत, कोर्टात, कचेरीत त्यांचाच फायदा आहे, हे आम्ही मनापासून सांगतोय.

८. कोर्टात मराठीत साक्ष देता येते का? सगळं कन्नडमध्ये चालतं, काय लिहून घेतात कळत नाही.

देता येते. साक्षीदार त्याला येते त्या भाषेत बोलतो, ते कोर्टाच्या भाषेत लिहून घेतात. तुम्ही फौजदारी केसमध्ये आरोपी असाल आणि साक्षीची भाषा तुम्हाला समजत नसेल तर ती तुम्हाला समजेल अशा भाषेत उघड कोर्टात सांगितलीच पाहिजे. लाजू नका, वकिलामार्फत तिथल्या तिथं सांगा, नंतर अपीलात "मला कळलं नव्हतं" म्हणून फार काही हाती लागत नाही. साक्षीवर सही करायच्या आधी ती वाचून दाखवायला सांगा. हायकोर्टात कामकाज इंग्रजीत असतं.

९. कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, जवळ पडतंय. तिथं केस घालता येईल?

बेळगाव जिल्ह्यातल्या कामासाठी नाही. कोल्हापूरचं बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून बसतंय ते कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी. आपलं हायकोर्ट म्हणजे कर्नाटक हायकोर्टाचं धारवाड खंडपीठ, २००८ ला सर्किट बेंच म्हणून सुरू झालं आणि २०१३ ला कायम झालं. त्याच्या आधी आपल्या लोकांना बेंगळूरला जावं लागायचं.

अपवाद आहे. जमीन चंदगड किंवा गडहिंग्लज तालुक्यात असेल तर त्या जमिनीचा दावा तिथल्याच कोर्टात, आणि त्याचं पुढचं अपील किंवा रिट गरज पडेल तसं कोल्हापूरला. घर बेळगावात असलं तरी. महाराष्ट्राच्या एखाद्या कचेरीने तुमच्याविरुद्ध हुकूम काढला असेल तर कलम २२६(२) प्रमाणे वादाचं कारण तिथं घडलं म्हणून तिकडे जाता येतं.

१०. मी बेळगावचा व्यापारी. गडहिंग्लजच्या पार्टीचा चेक बाऊन्स झाला. केस कुठं?

बेळगावातच, तुमचं खातं बेळगावच्या शाखेत असेल तर. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ज्याला पैसे मिळायचे त्याची शाखा जिथं, तिथं केस चालते. चेक परत आल्याचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस, ते संपल्यावर एक महिन्यात कोर्टात तक्रार. व्यापारी लोक "देतो देतो" वर विश्वास ठेवून पहिले ३० दिवस घालवतात, तेवढं करू नका. ग्राहक तक्रार पण आता तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, वस्तू कोल्हापुरात घेतली असली तरी.

११. आजोबांच्या नावावर उतारा आहे अजून. आता बायपासला जमीन जाऊलीय, पैसे कुणाला मिळणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर. मोबदला उताऱ्यावर नाव असेल त्याच्या नावाने निघतो, नाव मेलेल्या माणसाचं असेल तर पैसे अडकतात किंवा कोर्टात जमा होतात. म्हणून वारसा नोंद आधी. तलाठ्याकडे मृत्यू दाखला, वंशावळ देऊन अर्ज करा. घरात वाद असेल तर नोंद थांबते, आणि तिच्या निर्णयावर कर्नाटक जमीन महसूल कायदा १९६४ च्या कलम १३६(२) खाली अपील प्रांताकडे (असिस्टंट कमिशनर), त्यावर डीसींकडे (जिल्हाधिकारी). पण नोंद म्हणजे मालकी नाही. वाटणीचा खरा वाद दिवाणी कोर्टातच सुटतो.

बहिणींची नावं लपवू नका. ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालानंतर वडील २००५ च्या आधी वारले असले तरी वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क जन्मापासून आहे. अपवाद २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटणीचा. बहिणीला वगळून मोबदला उचलला तर पुढं तोच पैसा परत करायची वेळ येते, आणि नातं तुटतं ते वेगळंच.

१२. नॅशनल हायवेची नोटीस आली, हरकत कधीपर्यंत घ्यायची?

आधी बघा कुठल्या कायद्याखाली घेतायत. हायवे कायदा १९५६ असेल तर कलम ३अ ची (जमीन घ्यायचा इरादा सांगणारी) अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून फक्त २१ दिवस. ती अधिसूचना पेपरमध्ये येते, घरी कागद येईलच असं नाही. हालगा-मच्छे बायपासच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं कोर्टात भांडून जमीन राखायचा प्रयत्न केला, त्यातून शिकण्यासारखं हेच की सुरुवातीची हरकत लेखी आणि सर्व्हे नंबरसकट असेल तरच पुढच्या कोर्टात पाय टेकवायला जागा राहते. कलम ३ड ची घोषणा झाल्यावर जमीन केंद्राची होते, मग भांडण बहुतेक मोबदल्याचंच. रक्कम कमी वाटली तर लवादाकडे (बहुतेक ठिकाणी डीसीच लवाद असतात), त्याच्या निकालावर तीन महिन्यांत जिल्हा कोर्टात लवाद कायद्याच्या कलम ३४ चा अर्ज. २०१९ च्या तरसेम सिंग निकालामुळं हायवेच्या जमिनीला पण सोलेशियम (जमीन सक्तीने घेतली म्हणून मिळणारी जादा रक्कम) आणि व्याज मिळतं, ते हिशेबात धरलंय का तपासा.

राज्य सरकार २०१३ च्या कायद्याखाली घेत असेल तर हरकतीला ६० दिवस. पैसे उचलताना "हरकत राखून घेतले" असं लेखी द्या, नाहीतर वाढीव मोबदला मागता येत नाही.

१३. पंचायतीचा फॉर्म ९, ११ आहे, म्हणजे घर माझंच ना?

नाही हो. ई-स्वत्तूचे (पंचायत मिळकतींची ऑनलाइन नोंद) फॉर्म ९ आणि ११ हे कर बसवण्यासाठी आणि रजिस्ट्रेशनसाठी लागतात, मालकी खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्रावरून ठरते. ११-ब असेल तर ती मिळकत नियमात न बसणारी आहे असं समजून चला, ती घेताना लेआउटची मंजुरी आणि एनए (बिगरशेती) झालंय का ते बघितल्याशिवाय इसार देऊ नका.

१४. शिनोळीला मारामारी झाली, बेळगावच्या पोलिसांनी "ती आमची हद्द नाही" म्हणून परत पाठवलं.

चुकीचं केलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठंही घडला तरी पोलिसांनी माहिती नोंदवून घ्यायची (झिरो एफआयआर) आणि मग चंदगडला पाठवायची. शिनोळी महाराष्ट्रात आहे हे कारण चालत नाही. प्रत फुकट मिळते. नाहीच घेतलं तर एसपी किंवा पोलीस आयुक्तांना लेखी, तरी नाही तर मॅजिस्ट्रेटकडे ॲफिडेव्हिटसकट अर्ज.

१५. १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या सायकल फेरीला परवानगी नाकारतात, जमावबंदी लावतात. काय करायचं?

शांततेने, शस्त्राशिवाय जमणं हा कलम १९ चा हक्क आहे, पण त्यावर वाजवी बंधनं घालता येतात. जमावबंदी (पूर्वीचं १४४, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३) दोन महिन्यांच्या वर सहसा चालत नाही, आणि जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालाप्रमाणे असे हुकूम प्रसिद्ध करायला लागतात, कारणं द्यावी लागतात. परवानगीचा अर्ज बराच आधी द्या, नकार लेखी घ्या. आदल्या रात्री नकार मिळाला तर धारवाडला जायला वेळच उरत नाही.

१६. जिल्हा पंचायत सदस्यच नाही आमच्याकडे, तक्रार कुणाकडे?

कर्नाटकात जिल्हा आणि तालुका पंचायतींची मुदत २०२१ मध्ये संपली आणि नंतर कितीतरी वर्षं निवडणूक झालीच नाही, फेररचना आणि आरक्षणाच्या वादात प्रकरण कोर्टात फिरत राहिलं. घटनेचं कलम २४३-ई तर मुदत संपायच्या आधी निवडणूक घ्या म्हणतं. प्रशासक असेल तिथं तक्रार तालुका पंचायतीच्या ईओंकडे (कार्यकारी अधिकारी), वर जिल्हा पंचायतीच्या सीईओंकडे (मुख्य कार्यकारी अधिकारी). पोच घ्या, प्रश्न ३ बघा.

१७. महाराष्ट्राच्या योजना घेतल्या तर इथलं काही जातं का?

महाराष्ट्राने ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केलीय, प्रवेश परीक्षांमध्ये सीमाभागातल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी वेगळा प्रकार आहे. त्या घेतल्या म्हणून इथलं मतदान किंवा उतारा जात नाही. पण दोन ठिकाणी मतदार यादीत नाव ठेवणं कायद्याने चालत नाही, आणि खोटं सांगून नोंदवलं तर एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. जातीचं आरक्षण पण राज्याबाहेर जात नाही: कर्नाटकचा दाखला कर्नाटकात. मुलगी लग्न होऊन पलीकडे गेली तरी एससी-एसटी दाखल्याचं हेच.

१८. वकील परवडत नाही. आणि लोकअदालतीत सही केली, आता पटत नाही, काय करू?

महिला, मुलं, एससी-एसटी, अपंग, कोठडीतले लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना राज्याने ठरवलेल्या उत्पन्न मर्यादेत. जिल्हा किंवा तालुका कोर्टातल्या कायदा सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० ला फोन करा.

लोकअदालतीचा निवाडा मात्र दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. फसवून सही घेतली, तुम्ही हजरच नव्हता, असं काही असेल तरच धारवाडला रिट करता येतं, आणि ते सिद्ध करावं लागतं. तडजोडीचा कागद कन्नडमध्ये असेल तर सही करायच्या आधी मराठीत वाचून दाखवायला सांगा. कोर्टफी भरलेली असेल तर लोकअदालतीत मिटल्यावर ती परत मिळते, त्यासाठी अर्ज द्यायचा राहून जातो, तो त्याच दिवशी द्या.